पोथीतली चूक कोण जपणार?

आजचा विषय दुर्मीळ पोथ्यांच्या डिजिटायझेशनचा. फोटो निघाला की पोथी वाचली, असे आपण सहज म्हणून जातो. पण तिच्यातले नेमके काय वाचले, हे आज आपण इतिहासाच्या अंगाने पाहू.

मुंबई सरकारने १८६६ पासून पोथ्या जमवायला सुरुवात केली. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर या विद्वानांनी त्यासाठी दौरे केले. पुढे डेक्कन कॉलेजात असलेला हा संग्रह १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. लगेच १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. ते पुरे व्हायला १९६६ उजाडले.

आता या कामाची रीत पाहा. आदिपर्वासाठी विष्णु सीताराम सुखठणकरांनी सुमारे ६० पोथ्या ताडून पाहिल्या. ग्रंथ एकच, मग इतक्या पोथ्या कशाला? तर दोन पोथ्यांत तीच चूक त्याच जागी सापडली, की त्या बहुधा एकाच घराण्यातल्या. चुकांवरूनच पोथ्यांची वंशावळ लागते.

हल्ली पैसा आणि माणसे अपुरी पडतात. मग कोणी सुचवते, प्रत्येक ग्रंथाची एक चांगली प्रत निवडा, बाकीच्या ‘डुप्लिकेट’ राहू द्या. ऐकायला हे व्यवहारी वाटते. पण हस्तलिखिताला डुप्लिकेट नसतेच! राहिलेल्या पोथ्यांना कसर लागली, तर सुखठणकरांच्या पद्धतीचे काम पुन्हा कोणाला करता येणार नाही.

फोटोतही चूक दिसली पाहिजे. लेखनिक चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावीत. आपल्या ‘हरताळ फासणे’ या वाक्प्रचारात तो अजून आहे. कृष्णधवल मायक्रोफिल्ममध्ये तो पिवळेपणा कुठून येणार? म्हणून फोटो रंगीत हवा, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी हवी, पान समासासकट हवे. शेवटची पुष्पिका तर सोडायचीच नाही. लेखनिकाचे नाव, गाव, शक बहुधा तिथेच मिळतो. आणि फाइलला पोथीचा क्रमांक जोडला नाही, तर फोटो असून नसल्यासारखाच.

शिवाय हार्ड डिस्कचे आयुष्य कागदापुढे फार थोडे. फाइलच्या प्रती निरनिराळ्या गावी ठेवायच्या, अधूनमधून तपासायच्या, नव्या साधनावर उतरवायच्या. म्हणजे लेखनिकाचे काम संपलेले नाही, ते आता आपल्याकडे आले आहे.

आणि फोटो निघाल्यावरही मूळ पोथी जपायचीच. कागद कुठला, शाई कसली, हे उद्याचा अभ्यासक तिलाच विचारणार आहे.