मॅटच्या कडेला कोण होतं?

नववीत असताना मी सोलापूरच्या पार्क मैदानावर पंधराशे मीटर धावणार होतो. जिल्ह्याच्या शालेय मैदानी स्पर्धा होत्या. शूज चुलतभावाचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. माझ्या गटाची पुकार झाली तसा मी टेबलापाशी गेलो. तिथल्या माणसाने फोटो लावलेला, शाळेच्या शिक्क्याचा फॉर्म मागितला. फॉर्म सरांच्या फायलीत होता, आणि सर मैदानावर नव्हते. दुसरी पुकार झाली, तिसरी झाली. सर चौपाटीच्या बाजूने फाईल काखेत मारून आले तेव्हा माझ्या गटातली पोरं दुसऱ्या फेरीत होती. ‘पुढच्या वर्षी बघू,’ सर म्हणाले. पुढचं वर्ष दहावीचं होतं, त्यामुळे घरच्यांनी पाठवलंच नाही.

गोष्ट एवढीच. मी काही जिंकणार नव्हतो. सर वाईट नव्हते, तिथे नव्हते एवढंच. पण नंतर खाशाबा जाधवांबद्दल वाचताना एका ठिकाणी थांबलो ते या आठवणीमुळे.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. तोवर सगळी कारकीर्द लाल मातीतली, मॅटची सवयच नाही. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत असतं, कारण ते भाषणात छान वाजतं. त्यामानाने हेलसिंकीच्या हॉलमध्ये काय झालं हे कमी सांगितलं जातं.

बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती झाली. पंधरा मिनिटांच्या आसपास चाललेली ती लढत खाशाबा थोडक्यात हरले. अंगातला घाम वाळायच्या आत सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायचं फर्मान आलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता. नियम कागदावर होता, पण तो पंचांपुढे मांडायला कुणीतरी लागतं, आणि त्यांच्या चरित्राच्या सगळ्या हकिकतींमध्ये येतं ते हे, की त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा मॅटवर उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ च्या लिएंडर पेसपर्यंत ४४ वर्षं थांबावं लागलं.

तो अर्धा तास मिळाला असता तर रंग बदलला असता का, या प्रश्नात मला रस नाही. माझा प्रश्न साधा आहे: मॅटच्या कडेला जो माणूस असायला हवा होता, तो येतो कुठून? त्याला कोण नेमतं?

त्यासाठी पुण्याला जावं लागेल. डेक्कन जिमखाना १९०६ चा. त्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा. १९१९ मध्ये जिमखान्याच्या स्पर्धांत त्यांनी साध्या शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातायत हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला सहा जण गेले: चार धावपटू, दोन मल्ल. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी उचलला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं. आणि ती मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. मल्ल रणधीर शिंदे चौथे आले. कांस्याची कुस्ती ते ब्रिटनच्या मल्लाकडून हरले. म्हणजे खाशाबांच्या ३२ वर्षं आधी मराठी मुलखातला एक पैलवान पदकापासून एका कुस्तीवर थांबला होता. त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, दोराबजी पहिले अध्यक्ष. यात एक गंमत आहे, ती नीट समजून घ्यायला हवी. दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्यही होते. पण तिथे ते भारताचे प्रतिनिधी नव्हते. समितीचा नियमच उलटा आहे: सदस्य हा त्याच्या देशाचा समितीतला प्रतिनिधी नसतो, तो समितीचा त्याच्या देशातला प्रतिनिधी असतो. पिएर द कुबर्तांने १८९४ मध्ये पॅरिसला ही समिती काढली तेव्हापासून जुने सदस्यच नवे सदस्य निवडत आले. सरकारांनी खेळात नाक खुपसू नये हा हेतू, आणि तो अगदीच वाईट नव्हता. परिणाम मात्र असा, की खेळाडू ज्यांच्या हातात, त्यांच्यापैकी बहुतेकांना खेळाडूंनी निवडलेलंच नाही.

मूल्यांचंही तसंच. कुबर्तांच्या काळात ऑलिंपिक फक्त ‘हौशी’ खेळाडूंसाठी होतं, खेळून पैसे घेतलेला माणूस बाद. १९१२ ला दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या जिम थॉर्पची पदकं काढून घेतली, कारण त्याने आधी किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळलं होतं. आता हे आपल्या जत्रेत सांगून बघा! आमच्या जिल्ह्यात पोरगं नारळाच्या कुस्तीपासून सुरू करतं आणि इनामाच्या बोलीपर्यंत चढतं, त्या इनामावरच त्याचा खुराक चालतो. जमीनदार आणि लॉर्ड मंडळींना फुकट खेळणं परवडत होतं, म्हणून ते मूल्य ठरलं, असं माझं मत. हेलसिंकीहून परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून, जिंकून प्राचार्यांचं गहाण घर सोडवलं असं सांगतात. हौशीपणाची व्याख्या त्या घराला लावली असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. सत्तर-ऐंशीच्या दशकांत समितीने हा नियम हळूहळू मोडीत काढला, आणि थॉर्पला पदकं परत मिळाली ती १९८२ मध्ये, मरून २९ वर्षं झाल्यावर.

खाशाबांना उशिरा का होईना, पोलिसात सबइन्स्पेक्टरची नोकरी मिळाली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

त्याच १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला खेळांसाठी एक लवाद सुरू झाला. नियम मोडला गेला, अन्याय झाला, तर खेळाडूने जायचं कुठे, याचं पहिलं खरं उत्तर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद झाली. तुमच्या-माझ्या मोबाईलवर ते दिवस कसे गेले आठवत असेल. ती याच लवादाकडे गेली. या वेळी मॅटच्या कडेला सगळे होते: संघटना होती, हरीश साळवेंसारखे वकील होते. संयुक्त रौप्यपदकाची मागणी फेटाळली गेली ती १४ ऑगस्ट २०२४ ला. खाशाबांना जाऊन त्या दिवशी बरोबर ४० वर्षं झाली होती. नियमाच्या भाषेत निकाल बरोबर असेलही. पण निदान तिचं म्हणणं कुणीतरी ऐकून, लिहून, मग नाकारलं. खाशाबांचं कुणी मांडलंही नाही.

अधिकारी नसला की काय होतं ते हेलसिंकीत दिसलं. अधिकारी फारच ‘असले’ की काय होतं तेही आपण पाहिलंय. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय संघटनेला निलंबित केलं. निवडणुकीत सरकारी हस्तक्षेप आणि आरोप असलेले पदाधिकारी, ही कारणं. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला शिवा केशवन आणि दोघे जण तिरंग्याशिवाय, पाच वर्तुळांच्या झेंड्यामागे चालले. स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठलं, पण तोवर केशवनची शर्यत होऊन गेली होती. २०१५ मध्ये पॅरालिंपिक समितीवरही तीच वेळ आली. आमच्या सोलापूर जिल्ह्याचा सुयश जाधव त्या काळात रिओची तयारी करत होता. लहानपणी विजेच्या अपघातात दोन्ही हात कोपराखाली गमावलेला हा पोहणारा. २०१६ ला तो रिओला गेला, २०१८ ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेऊन आला. हात नसताना बटरफ्लाय कसं मारतात हे त्याने शिकून घेतलं. समितीतल्या भांडणांचं त्याने काय करायचं होतं?

आता २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आलाय. संघटनांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना आणि महिलांना जागा द्याव्याच लागतील, वाद मिटवायला देशातच लवाद असेल. ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षपदी २०२२ पासून पी. टी. उषा आहेत. १९८४ ला एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने ज्यांचं कांस्य हुकलं, त्या. कागद चांगला आहे. अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियमही कागदावर चांगलाच होता.

मागच्या हिवाळ्यात भाची आठशे मीटर पळणार होती. मी तिच्या फॉर्मच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक शाळेच्या मॅडमकडे, एक तिच्या बॅगेत, एक माझ्या खिशात. सकाळी सातपासून पुकारीच्या टेबलासमोर उभा राहिलो. मॅडम वेळेवर आल्या, फॉर्म लगेच दिला गेला, माझ्या खिशातला कागद लागलाच नाही. ‘मामा, तू चहा पिऊन ये ना, अजून वेळ आहे,’ भाची म्हणाली. मी गेलो नाही.