ठासणीची बंदूक आणि सातपुड्याचे शेत

१/ नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या कुशीत वसले आहेत. डोंगरउतारावरील ज्वारी-मक्याला रानडुकरांचा उपद्रव जुनाच. माळा, गोफण आणि तीरकामठा ही राखणीची पारंपरिक साधने. पुढे बंदूक आली आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आला : ती भरण्याचा अधिकार कोणाचा?

२/ ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग गोळी किंवा छर्रे घालायचे आणि गजाने ठासायचे. प्रत्येक बार हाताने भरावा लागे. मराठीतला ‘फुसका बार’ याच अनुभवातून आलेला.

३/ तोड्याच्या बंदुकीत कानाशी रंजक घालून पेटत्या तोड्याने बत्ती देत. पावसात तोडा विझे, रंजक भिजे. १८०७ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या चापाचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची छोटी टोपी आली.

४/ या टोपीने सत्तेचे गणितही बदलले. सोरा, गंधक व कोळसा यांची दारू गावात होऊ शके. शिसे चुलीवर वितळे. टोपी मात्र बाजारातूनच आणावी लागे. जे बाजारातून येते, त्यावर पहारा बसवणे सोपे.

५/ पहारा बसवण्याची निकड खानदेशाने दाखवून दिली होती. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. भिल्लांचा प्रतिकार शमवण्यासाठी १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली गेली. तरीही १८५७ मध्ये खाज्या नाईक उठला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे मोठी लढाई झाली.

६/ त्या उठावानंतर देशभर निःशस्त्रीकरणाचे धोरण आले. व्हाइसरॉय लिटन याच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक-तलवारींबरोबर धनुष्यबाणही घातले. म्हणजे भिल्लाचा तीरकामठासुद्धा कायद्याच्या शब्दांत आला.

७/ त्याच कायद्यातील ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या आणखी बोलकी आहे. चकमकीचे दगड, बंदुकीचे बोळे आणि टोप्या यांना दारूगोळा मानले गेले. शिसे, गंधक व सोरा यांना वगळले. मात्र अधिसूचना काढून या तिन्हींवरही निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारने हाती ठेवला. १८८४ च्या स्फोटक कायद्याने दारू बनवण्यावरही सरकारचे नियंत्रण आले.

८/ नियमांत युरोपीयांना सूट होती. हिंदी माणसाला परवाना लागे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने द्यावेत, ही मागणीही होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्यालाही हा प्रश्न आत्मसन्मानाचा वाटला.

९/ स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्पष्ट तरतूद आहे. ती अपुरी आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. जगाने मागे टाकलेले हत्यार इथे शेतकऱ्याचे पहिले हत्यार ठरले. एका बारानंतर पुन्हा भरावी लागणारी बंदूक राज्यसंस्थेला कमी धोक्याची वाटली असावी.

१०/ दरम्यान काडतुसांचे काम कारखान्यांकडे गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. खानदेशातच, जळगाव जिल्ह्यातील वरणगावला, १९६० च्या दशकात लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेत रायफलींची काडतुसे घरी भरणे हा आजही अनेकांचा छंद आहे. इथे हाताने बार भरण्याची परंपरा छंदातून आली नव्हती. तिच्यामागे पिकाची राखण होती.

११/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर प्रश्न दुहेरी झाला. उभे पीक नासणाऱ्या रानडुकराला मारायचे, तरी लेखी परवानगी लागते. बंदुकीचा कागद एका कचेरीत, जनावराचा दुसऱ्या.

१२/ गज, बोळा आणि तांब्याची टोपी या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तू. पण राज्याचा आपल्या प्रजेवर किती विश्वास आहे, हे त्यांवरच्या नियमांत वाचता येते. १८७८ चा कायदा भीतीतून आला होता. आजच्या कायद्याला शेतकऱ्याचे पीक, जंगलाचे जीवन आणि समाजाची सुरक्षितता या तिन्हींचा तोल सांभाळायचा आहे, आणि हा तोल चुकला तर किंमत डोंगरउतारावरचे शेत मोजते.