मुरगावहून निघालेले जहाज
२६ फेब्रुवारी १९९२

परदेशी मालकीचे जहाज भारतीय बंदरात असेल, तर त्याला अटक करून दावा चालवण्याचा अधिकार इथल्या उच्च न्यायालयाला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ खटल्यात दिला. फेब्रुवारी १९८४ मध्ये हे जहाज गोव्यातल्या एका कंपनीचा माल भरून, बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्याची पावती) न देताच मुरगाव बंदरातून निघून गेले. एप्रिलमध्ये ते विशाखापट्टणमला लागले आणि आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या हुकमाने तिथेच अडकले. तेव्हा इथेही लागू असलेल्या १८६१ च्या ब्रिटिश कायद्यात फक्त देशात येणाऱ्या मालाचा उल्लेख आहे, बाहेर जाणाऱ्या मालाचा नाही, हा जहाजमालकाचा बचाव होता. तो न्या. टी. के. थॉमन आणि न्या. आर. एम. सहाय यांच्या खंडपीठाने फेटाळला.

मालक सातासमुद्रापार, हाती लागते ते फक्त जहाज, तेही भरतीबरोबर निघून जाणारे. म्हणून जहाजावर डकवलेला अटकेचा हुकूम हीच दावेदाराची खरी ताकद. पगार थकलेल्या खलाशाला तर दुसरा आधारच नसतो. २०१७ च्या नव्या कायद्याने वसाहतकालीन कायदे रद्द केले आणि खलाशांच्या वेतनाला सागरी दाव्यांत पहिला मान दिला. निकालानंतर संसदेला त्यासाठी पंचवीस वर्षे लागली, हे खटकतेच. ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज मे २०२५ मध्ये केरळजवळ बुडाले, तेव्हा भरपाईसाठी केरळ उच्च न्यायालयाने त्याच समूहाचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवले.