दोन प्रती, एक कलम

इतिहास रणांगणावर घडतो असे म्हणतात; मला तो पुष्कळदा कारकुनाच्या मेजावर घडताना दिसतो. इथिओपियाचा राजा दुसरा मेनेलिक आणि इटली यांच्यात २ मे १८८९ रोजी वुचाले येथे तह झाला. त्याची एक प्रत अम्हारिक भाषेत, दुसरी इटालियनमध्ये. सतराव्या कलमापाशी मात्र दोन्हींची वाट निराळी झाली. परराष्ट्रांशी व्यवहार करताना राजाला इटलीची मदत घेता येईल, असे अम्हारिक प्रत म्हणे. ती घेतलीच पाहिजे, असा इटालियन प्रतीचा अर्थ! 'येईल' आणि 'पाहिजे' एवढ्याच अंतरात एका देशाचे स्वातंत्र्य अडकले.

मेनेलिकने युरोपच्या राजांना पत्रे धाडली. १८९० साली इंग्लंड-जर्मनीची उत्तरे आली: इटलीमार्फत लिहावे! मग दोन्ही प्रतींतला फरक उघड झाला. १८९३ साली त्याने तह झुगारला. १ मार्च १८९६ रोजी अदवा येथे इटलीचा दारुण पराभव झाला आणि ऑक्टोबरात अदिस अबाबाच्या तहाने इथिओपियाचे स्वातंत्र्य मान्य झाले.

वाचकहो, जे कलम पुढे तलवारीने पुसावे लागले, ते सहीपूर्वीच दिव्याखाली दोन्ही प्रती ताडून वाचले असते, तर ती सही झालीच नसती, असे मला वाटते. घरच्या खरेदीखतालाही हाच न्याय लागू आहे.