ताऱ्यांच्या वाटेचे इंधन

पनवेलहून मुंबईस जाताना वाशीच्या खाडीवरील पूल ओलांडला की डाव्या हातास ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्याच्या एकच वर्ष आधी, जिनिव्हा येथील अणुशक्ती परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी एक भाकीत केले होते. हायड्रोजनच्या अणूंचे संमीलन होऊन सूर्यात जी ऊर्जा निर्माण होते, ती मनुष्य वीस वर्षांच्या आत काबूत आणील, असे त्यांचे म्हणणे होते. ताऱ्यांकडे जाण्याचा प्रश्न शेवटी याच भाकितापाशी येऊन अडतो.

कसा, ते पाहा. टिपू सुलतानच्या लोखंडी नळीच्या बाणांपासून आजच्या अवकाशयानांपर्यंत तत्त्व एकच आहे: वायू वेगाने मागे फेकावा आणि आपण पुढे जावे. मात्र अग्निबाणाला आपले इंधन आपणच वाहावे लागते. वाटेत वैरण मिळणार नाही म्हणून सगळी वैरण गाडीतच भरून निघालेल्या बैलगाडीसारखी त्याची गत असते. वेग वाढवायचा तर इंधन अधिक, आणि त्या इंधनाचे ओझे ओढण्यास आणखी इंधन! हायड्रोजन व ऑक्सिजन जाळले तरी वायू सेकंदास सुमारे साडेचार किलोमीटर वेगानेच बाहेर पडतो. चंद्रावर जाण्यास एवढे पुरते, ताऱ्यांसाठी नाही. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले ‘व्हॉयेजर-१’ हे यान गुरू व शनी यांच्या गुरुत्वाकर्षणाचा लाभ घेऊन सेकंदास सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. या वेगाने तेथे पोहोचण्यास पाऊण लाख वर्षे लागतील.

तेव्हा इंधनच बदलावयास हवे. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या सभासदांनी १९७३ ते १९७८ या काळात ‘डीडॅलस’ नावाच्या मानवरहित यानाचा आराखडा कागदावर मांडला. ड्युटेरियम व हेलियम-३ यांच्या बारीक गोळ्यांत एकामागून एक संमीलनाचे स्फोट घडवायचे, प्रकाशाच्या १२ टक्के वेग गाठायचा आणि ५.९ प्रकाशवर्षांवरील बर्नार्डच्या ताऱ्याजवळ सुमारे ५० वर्षांत पोहोचायचे. इंधन ५०,००० टन! त्यातील हेलियम-३ पृथ्वीवर फारसे नाही, म्हणून ते गुरू ग्रहाच्या वातावरणातून आणावयाचे. हे वाचून हसू येईल, पण आकडेमोड गंभीरपणे केलेली होती.

ड्युटेरियम मात्र आपल्या अंगणातले आहे. पाण्यातील सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंपैकी एक ड्युटेरियमचा असतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ थळ येथे १९८७ मध्ये सुरू झालेला जड पाण्याचा कारखाना शेजारच्या खत कारखान्यातील वायूतून ते वेगळे काढतो. ते अर्थात अणुभट्ट्यांसाठी.

भाभांची वीस वर्षे १९७५ साली संपली. ते स्वतः १९६६ मध्येच विमान अपघातात गेले होते. अणूंची केंद्रे एकमेकांस दूर लोटतात. भट्टीत त्यांना एकत्र आणण्यास दहा कोटी अंशांहून अधिक तापमान लागते, आणि ते सोसणारी धातू नाही. म्हणून चुंबकाने किंवा लेसरने काम साधावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील लिव्हरमोर येथे २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळाली, परंतु तो लेसर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली. माझ्या मते भाभांनी प्रश्न अचूक निवडला, मुदत तेवढी कमी धरली.

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’ या संमीलन भट्टीच्या प्रकल्पात भारत २००५ पासून भागीदार आहे. तिच्या ३,८५० टनी पोलादी शीतपात्राचे भाग गुजरातेत हजिरा येथे घडले. पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की, त्यात शास्त्रज्ञांइतकेच वेल्डरांचे हात लागले आहेत. आणि ट्रॉम्बे? १४ जुलै २०२३ रोजी निघालेल्या चांद्रयान-३ च्या प्रणोदन भागात भाभा अणुसंशोधन केंद्राने बनविलेली दोन अणुउष्णता उपकरणे होती. यानास ढकलणे हे त्यांचे काम नव्हते. अवकाशातील थंडीत यानाची यंत्रे ऊबदार ठेवता येतील का, एवढेच त्यांवरून पाहावयाचे होते. प्रत्येकाची शक्ती एक वॅट.