माती खावीशी का वाटते? अंगातल्या रक्ताची गोष्ट



गरोदर बाईला भाजकी माती खावीशी वाटते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कुणाला पाटीची पेन्सिल लागते, तर कुणी तांदूळ निवडता निवडता कच्चेच तोंडात टाकते. लहान पोरगी भिंतीचा पोपडा काढून खाताना दिसली की तिला धपाटा मिळतो. बाळकृष्णाने माती खाल्ली ती गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, आणि लेकीला मात्र "घाणेरडी सवय" म्हणतो. पण ही इच्छा येते कुठून? मनातून की अंगातून?

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी याची नोंद घेतली होती. चरकसंहितेत पांडुरोगाचे, म्हणजे अंग पांढरंफटक पडण्याच्या आजाराचे, पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला पाचवा माती खाण्यानं होणारा. आजचे डॉक्टर याची दुसरी बाजूही सांगतात. अंगातलं लोह कमी झालं की काही जणींना माती, पेन्सिल, बर्फ असलं काहीतरी खाण्याची ओढ लागते, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की ती ओढ बहुतेक वेळा आपोआप जाते. मातीनं मात्र लोह मिळत नाही, उलट अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा होतो. इतके दिवस आपण जिला "सवय" म्हणून रागावत होतो, तिचं शरीर काहीतरी सांगत होतं.

इच्छेचं जसं, तसंच कामाच्या हुरूपाचं. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या मुलखातल्या गरीब माणसांना शे-दीडशे वर्षांपूर्वी आळशी म्हणून हिणवलं जायचं. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की त्यांच्यातल्या पुष्कळांच्या आतड्यात हूकवर्म हा जंत आहे. उघड्यावर शौचाला बसलेल्या जागेच्या मातीतून तो अनवाणी पायांत शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं, "आळसाचा जंतू". ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कामचुकार म्हटलं, त्यांच्या अंगात कामाला लागणारं रक्तच उरलं नव्हतं.

आता आपल्या मुंबईत येऊ. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई तिथं आल्या. कापडगिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय फार होता आणि कित्येक जणी त्यात दगावत होत्या. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते पाहिलं. गरीब घरातल्या बायकांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध फारसं नसायचंच. मग यीस्टपासून केलेला एक स्वस्त पदार्थ त्यांना देऊन पाहिला, आणि बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या पदार्थातलं नेमकं द्रव्य पुढं १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव पडलं फोलिक ॲसिड. आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लोहाची गोळी ठेवते, तिच्यात हेच फोलिक ॲसिड असतं. मुंबईच्या गिरणीतल्या त्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, पण ही गोळी त्यांच्यामुळं आपल्यापर्यंत आली.

श्रीलंकेच्या चहामळ्यांतला १९७९ सालचा अभ्यास तर आपण मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. पानं खुडणाऱ्या रक्तक्षय झालेल्या बायकांपैकी काहींना लोहाच्या गोळ्या दिल्या, काहींना नुसत्या दिसायला तशाच. लोह मिळालेल्या बायकांनी जास्त पानं तर खुडलीच, पण दिवसभरातली त्यांची हालचालही वाढली. कुणी त्यांना उठा म्हटलं नव्हतं. अंगात रक्त आलं तसं उठावंसं वाटू लागलं.

असं का होतं? रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. आपला मेंदू वजनानं शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढा, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. शिवाय हुरूप, लक्ष, उमेद देणारी रसायनं तयार करायलाही मेंदूला लोह लागतं. म्हणून रक्त कमी झालं की पाय जड होतात, धाप लागते, आणि चिडचिड होते, विसरायला होतं, कशात मन लागत नाही. घरातले म्हणतात, "हिचा स्वभावच तसा."

हे घरोघरी सांगायचं कोणी? आपल्या जिल्ह्यानं त्याचं उत्तर दिलं. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येक जणी दलित घरांतल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्या काळी गरोदर बाई मुद्दाम कमी खायची, मूल मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल या भीतीनं. ती भीती बाहेरच्या डॉक्टरच्या सांगण्यानं जात नव्हती. शेजारची बाई सासूच्या शेजारी बसून बोलली, तेव्हा ती जाऊ लागली. या कामाबद्दल आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तरी काम संपलेलं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय आढळला. पाथर्डी-जामखेडकडच्या बाया ऊसतोडीला जातात, पहाटेपासून मोळ्या वाहतात. पाळीत कितीही अंगावर गेलं तरी खाडा पडला की पैसे कापले जातात. मुकादमाच्या वहीत खाडा लिहिला जातो, कमी झालेलं रक्त कुणाच्याच वहीत येत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटानं एवढं करावं. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते १२ च्या खाली, आणि गरोदर असताना ११ च्या खाली असेल तर उपचार हवा. गोळीनं शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका. जेवणाला लागून चहा घेऊ नका. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची भाजी आणि वर लिंबू पिळलं तर लोह चांगलं अंगी लागतं. पोरांना जंताची गोळी द्या, शेतात चप्पल घाला. पाळीत फार जात असेल तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

प्रत्येक थकवा रक्ताचाच असतो असं नाही. दुःखानं, मारहाणीनं, थायरॉइडनंही माणूस खचतं. पण नाव ठेवण्याआधी तपासायला काय हरकत आहे? सून उठत नाही, लेक चिडते, जाऊ कामात मागं पडते, अशा वेळी "तुला झालंय तरी काय?" हे रागानं न विचारता खरंच विचारा, आणि तिच्यासोबत उपकेंद्रापर्यंत चला.