गुळवेल व्यवसाय, शहापूर

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी सुरू केलेला वनोपजाचा सामूहिक व्यवसाय. थोडे पण वेळेवर मिळालेले भांडवल काय करू शकते, याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. शेजारच्या मुरबाडचा काही भागही त्यात येतो. या पट्ट्यात मोठी गुंतवणूक आली ती महामार्ग आणि रेल्वेच्या कडेने. वासिंदला जिंदल समूहाचा पोलाद कारखाना झाला, मुरबाडला औद्योगिक वसाहत वसली. डोंगराकडच्या कातकरीवाड्यांचे वर्षाचे गणित मात्र फारसे बदलले नाही. पावसाळ्यात भातलावणीची मजुरी, मग मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर स्थलांतर आणि ती फेडण्यातच गेलेला हंगाम. हातात रोकड नसणे हे या चक्राचे मूळ.

याच वाड्यांतले काही तरुण रानातली गुळवेल तोडून स्थानिक बाजारात कच्चीच विकत. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था या नावाने ते एकत्र आले आणि प्रधानमंत्री वनधन योजनेशी जोडले गेले. ही योजना १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील बिजापूर येथे सुरू झाली. एका वनधन केंद्रात साधारण ३०० सभासद, वीस-वीस जणांचे १५ बचतगट, अशी तिची रचना.

इथली नवी कल्पना यंत्राची नव्हती, कामाच्या पद्धतीची होती. वेल तोडायचा, तुकडे करून आठ-दहा दिवस वाळवायचा, शहापूरच्या शेडमध्ये आणून पोत्यांत भरायचा आणि दलाल टाळून थेट औषध कंपन्यांना विकायचा. मुळाकडचा भाग राखून तोडले तर वेल पुन्हा फुटतो; हे शास्त्र वाडीला आधीपासूनच ठाऊक. हिमालया, डाबर, बैद्यनाथ अशा कंपन्यांपर्यंत हा माल पोहोचला.

खरी कसोटी २०२० च्या टाळेबंदीत लागली. कंपन्यांचे पैसे मागाहून येतात, तोडणाऱ्याला ते त्याच दिवशी लागतात. ही योजना राबवणाऱ्या ट्रायफेड या केंद्र सरकारच्या आदिवासी विपणन संस्थेने दिलेल्या २५ लाख रुपयांच्या बिनव्याजी फिरत्या निधीने ही दरी भरली. सहा कातकरीवाड्यांतून ३४ हजार किलो गुळवेल खरेदी झाली आणि पुढे १ कोटी ५७ लाखांच्या मागण्या केंद्राकडे आल्या. मुकादमाची उचल माणसाला बांधून घेते. या निधीने त्याच गरजेची सोय बंधनाविना केली. इतक्या पैशात एखाद्या कारखान्याचे कुंपणही जेमतेम झाले असते!

महासाथीमुळे गुळवेलीची मागणी फुगली होती, हे या यशाचे मोजमाप करताना विसरता येत नाही. शिवाय वाळवलेल्या तुकड्यांपेक्षा चूर्णाला कितीतरी जास्त भाव मिळतो. दळण, तपासणी आणि वेष्टन शहापुरातच होत नाही तोवर नफ्याचा मोठा वाटा तालुक्याबाहेरच जाणार.